अमेरिकेची मतपेटी आणि परदेशी जाणारे तोफगोळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेने युक्रेनला इतक्या अब्ज डॉलरची शस्त्रं दिली, मग अडकवली, मग पुन्हा सोडली. इस्रायलचे बॉम्ब थांबवले, पुन्हा रवाना केले. गेली काही वर्षं अशा बातम्या सतत येत आहेत. त्या वाचताना जे प्रश्न हमखास पडतात ते इथे एकत्र घेतले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकलेलं बरं: मदत द्यायची की नाही आणि साधारण किती, हे बव्हंशी लष्करी आणि राजनैतिक हिशेबाने ठरतं. ती कधी पोहोचेल, हे मात्र निवडणुकीचं वेळापत्रक ठरवतं. आणि आघाडीवर उभ्या असलेल्या सैनिकाला ‘किती’पेक्षा ‘कधी’ जास्त महाग पडतं.

लष्करी मदत म्हणजे अमेरिका रोख पैसे पाठवते का?

लष्करी मदतीत रोकड जवळपास नसतेच. मुख्य वाटा तीन. पहिली ‘फॉरेन मिलिटरी फायनान्सिंग’: दरवर्षीच्या अर्थसंकल्पात एखाद्या देशाच्या नावाने रक्कम ठेवायची आणि त्या देशाने त्यातून अमेरिकी शस्त्रं घ्यायची. दुसरी वाट म्हणजे अध्यक्षांनी स्वतःच्या अधिकारात अमेरिकी सैन्याच्या कोठारातला तयार माल उचलून द्यायचा. तिसरी, कंपन्यांना नवी ऑर्डर देऊन माल बनवून घ्यायचा. यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात.

युक्रेनला २०२२ पासून जे तातडीने मिळालं, ते बरंचसं दुसऱ्या वाटेने. घरातलं धान्य शेजाऱ्याला द्यावं आणि मग आपली कणगी भरायला बाजारात जावं, असा हा प्रकार. देण्याचा अधिकार अध्यक्षांचा, पण कणगी भरायचे पैसे काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, मंजूर करते. ते मंजूर झाले नाहीत तर स्वतःचं कोठार रिकामं करायला सैन्यही नाखूश असतं आणि अध्यक्षही कचरतात. निवडणुकीचं राजकारण नेमकं या सांध्यात शिरतं.

मग हा पैसा शेवटी जातो कुठे?

मोठा भाग अमेरिकेतच राहतो. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावचा दारूगोळ्याचा सरकारी कारखाना बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे इंजिनांच्या दुरुस्तीसाठी बांधलेल्या विटांच्या इमारतींत तो चालतो. मालकी सैन्याची, चालवते जनरल डायनॅमिक्स ही कंपनी. पोलादाच्या लांब दांड्यांचे तुकडे करायचे, ते भट्टीत लालभडक तापवायचे, दाबून पोकळ नळकांडी करायची आणि मग कातून १५५ मिलिमीटरच्या तोफगोळ्याचं कवच तयार करायचं. त्यात स्फोटकं भरली जातात दूर आयोवा राज्यात. भरलेला एक गोळा साधारण ४५ किलोचा. युद्धाआधी अमेरिका असे महिन्याला सुमारे १४ हजार गोळे बनवत होती. २०२४ मध्ये आकडा ४० हजारांच्या घरात गेला आणि लक्ष्य ठरलं महिन्याला १ लाखाचं.

आता या गावाचा पत्ता पुन्हा वाचा. पेनसिल्व्हेनिया: २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीतलं १९ निर्वाचक मतांचं, कुठल्याही पक्षाकडे झुकू शकणारं काठावरचं राज्य. स्क्रँटन तर तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांचं जन्मगाव. २२ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे मतदानाला जेमतेम सहा आठवडे असताना, युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की या कारखान्यात आले. कामगारांचे हात हातात घेऊन आभार मानले. सोबत राज्यपाल जॉश शपीरो, सिनेटर बॉब केसी, स्थानिक खासदार मॅट कार्टराइट. सगळे डेमोक्रॅट. राज्यपालांनी एका गोळ्यावर सहीसुद्धा केली. रिपब्लिकन भडकले, हा सरळ प्रचार आहे म्हणाले. प्रतिनिधिगृहाचे (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाचे) रिपब्लिकन सभापती माइक जॉन्सन यांनी पत्र लिहून युक्रेनच्या राजदूत ओक्साना मार्कारोवा यांना हटवण्याची मागणी केली.

दौरा प्रचाराचा होता की आभाराचा? दोन्ही असावा. एवढं खरं, की नोव्हेंबरमध्ये केसी हरले आणि कार्टराइटही हरले. कारखान्याला ऑर्डर मिळवून दिली म्हणून मतं मिळतात, हा समज त्या दोघांना तरी फळला नाही.

मदत देशहितावर ठरते ना? त्यात निवडणूक कुठून आली?

ऑक्टोबर २०२३ ते एप्रिल २०२४ हे सहा महिने क्रमाने पाहिले की उत्तर मिळतं.

३० सप्टेंबर २०२३ ला सरकार बंद पडू नये म्हणून तात्पुरता खर्च मंजूर झाला. त्यातून युक्रेनचे पैसे गाळले गेले. तरीही तीनच दिवसांनी सभापती केविन मॅकार्थी यांना त्यांच्याच पक्षाच्या आठ जणांनी डेमोक्रॅट्सच्या मतांसह खाली खेचलं. अमेरिकेच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. २० ऑक्टोबरला बायडेन यांनी आपल्याकडच्या पुरवणी मागण्यांसारखी सुमारे १०६ अब्ज डॉलरची मागणी काँग्रेसपुढे ठेवली: ६१ अब्ज युक्रेनभोवती, १४ अब्ज इस्रायलसाठी, उरलेलं तैवानचा परिसर, सीमा आणि इतर बाबींना.

रिपब्लिकन म्हणाले, आधी मेक्सिकोच्या सीमेचा बंदोबस्त करा, मग युक्रेनचं बघू. ठीक आहे म्हणून दोन्ही पक्षांचे सिनेटर चार महिने बसले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सीमेवर कडक नियम आणणारा मसुदा घेऊन आले. रिपब्लिकनांच्या बाजूने वाटाघाटी केल्या होत्या ओक्लाहोमाच्या जेम्स लँकफर्ड यांनी. त्यांना कुणी मवाळ म्हणणार नाही. पण ट्रम्प यांनी मसुद्याला कडाडून विरोध केला. सीमा हा त्यांच्या प्रचाराचा सगळ्यात मोठा मुद्दा. तो निवडणुकीच्या वर्षात बायडेन यांच्या सहीने सुटलेला दिसणं त्यांना परवडणारं नव्हतं. ७ फेब्रुवारीला सिनेटमध्ये तो ४९ विरुद्ध ५० असा आपटला. ज्यांनी अट घातली होती त्यांनीच अट पूर्ण झाल्यावर पाठ फिरवली.

सहाच दिवसांनी सिनेटने सीमेचा भाग काढून टाकून ९५ अब्जांचं विधेयक ७० विरुद्ध २९ मतांनी मंजूर केलं. म्हणजे मदतीला बहुमत होतंच, दोन्ही पक्षांत मिळून होतं. प्रतिनिधिगृहात मात्र ते दोन महिने पडून राहिलं.

इकडे २७ डिसेंबर २०२३ च्या २५ कोटी डॉलरच्या हप्त्यानंतर कणगी भरायचे पैसे संपलेले. मार्चमध्ये इतर करारांतून वाचलेल्या रकमेतून ३० कोटींचा एक हप्ता कसाबसा निघाला, बाकी शुकशुकाट. १७ फेब्रुवारीला पूर्व युक्रेनमधलं अवदिवका शहर रशियाच्या हाती पडलं. तेव्हा युक्रेनचे तोफखाने गोळे मोजून वापरत होते. अवदिवका एकट्या गोळ्यांच्या टंचाईने पडलं असं म्हणणं जरा सोपं होईल. माणसांचीही टंचाई होती, रशियन ग्लाइड बॉम्बचा मारा होता. पण १० एप्रिलला युरोपातल्या अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल ख्रिस्तोफर कॅव्होली यांनी खासदारांपुढे सांगितलं की रशिया पाच गोळे डागतो तेव्हा युक्रेन एक डागू शकतं, आणि काही आठवड्यांत हे प्रमाण दहास एक होईल. ज्या विधेयकाला बहुमत होतं त्याची ही किंमत.

मग शेवटी मतदान कसं काय झालं?

मॅकार्थी यांच्या जागी सभापती झालेल्या जॉन्सन यांचं मन बदललं. साधा खासदार असताना मे २०२२ मध्ये त्यांनी युक्रेनच्या ४० अब्जांच्या मदतीविरुद्ध मत दिलं होतं. सभापती झाल्यावर गुप्तचरांची माहिती समोर येऊ लागली आणि त्यांचा सूर पालटला. मुलगा नौदलाच्या अकादमीत जाणार आहे, अमेरिकी पोरं पाठवण्यापेक्षा युक्रेनला गोळ्या पाठवणं मला बरं वाटतं, अशा अर्थाचं ते बोलले.

पण मन बदलल्याने मतं जमत नाहीत. त्यासाठी त्यांनी केलेली मांडणी शिकण्यासारखी आहे. एकाच विधेयकाचे चार तुकडे केले: युक्रेन, इस्रायल, हिंद-प्रशांत, आणि चौथ्यात टिकटॉकची मालकी वगैरे. ज्याला मतदारसंघात जे दाखवायचं ते त्याने दाखवावं! इस्रायलला हो आणि युक्रेनला नाही म्हणायचंय? म्हणा. २० एप्रिलला युक्रेनचा तुकडा ३११ विरुद्ध ११२ असा पास झाला. ते ११२ सगळे रिपब्लिकन, बाजूने १०१. सभापतींच्याच पक्षातले बहुसंख्य विरोधात होते आणि विधेयक डेमोक्रॅट्सच्या खांद्यावरून पलीकडे गेलं. आणखी एक गोष्ट: एप्रिलपर्यंत बऱ्याच राज्यांत पक्षांतर्गत निवडणुकीचे अर्ज भरायची मुदत उलटून गेली होती. आता कुणी ऐनवेळी आव्हान द्यायला उभं राहणार नाही, हे कळल्यावर काही जणांना धीर आला असावा, असा माझा कयास आहे.

सगळ्यात मजेशीर कलम आर्थिक मदतीचं. साधारण साडेनऊ अब्ज डॉलर ‘कर्ज’ म्हणून दाखवले, कारण ट्रम्प मदत कर्जाऊ द्या म्हणत होते. आपण फुकट काही दिलं नाही, असं रिपब्लिकनांना गावी जाऊन सांगता आलं. मात्र कायद्यातच लिहिलं होतं की १५ नोव्हेंबर २०२४ नंतर अध्यक्षांना त्यातलं निम्मं माफ करता येईल. मतदान ५ नोव्हेंबरला होतं. बायडेन यांनी त्याच महिन्यात सुमारे ४.७ अब्ज माफ केले. या तारखेवर आणखी भाष्य करायची गरज आहे का?

सामान्य मतदार परराष्ट्र धोरण बघून मत देतो का?

नाही. २०२४ च्या मतदानोत्तर पाहणीत परराष्ट्र धोरण हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मानणारे सुमारे ४ टक्के होते. लोकांना महागाई दिसत होती, आणि ते साहजिकच आहे.

मात्र मदतीबद्दल लोकांची समजूत भलतीच असते. परदेशी मदतीवर केंद्रीय खर्चाचा किती वाटा जातो, असं विचारल्यावर अमेरिकन माणसाचं सरासरी उत्तर पंचवीस टक्क्यांच्या आसपास येतं. खरा आकडा एक टक्क्याच्या आसपास, आणि त्यात लष्करी मदत हा एक भाग. ‘तिकडे द्यायला आहेत, आपल्या गावच्या रस्त्याला नाहीत’ हे वाक्य जगात कुठेही टाळ्या घेतं.

मतं पक्षाबरोबर सरकतात हेही लक्षात ठेवावं. प्यू संस्थेच्या पाहणीत, अमेरिका युक्रेनला गरजेपेक्षा जास्त देते असं म्हणणारे रिपब्लिकन मार्च २०२२ मध्ये ९ टक्के होते. जून २०२३ मध्ये ४४ टक्के. दरम्यान पक्षातल्या पुढाऱ्यांचं बोलणं बदललं होतं. ओहायोत सिनेटची उमेदवारी मागणारे जे. डी. व्हान्स यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये, युक्रेनचं काय होतं याच्याशी मला देणंघेणं नाही, अशा अर्थाचं विधान केलं तेव्हा ते वेडगळ धाडस वाटलं. ते जिंकले आणि पुढे उपाध्यक्ष झाले.

चारच टक्के असतील तर पक्ष एवढे घाबरतात कशाला?

कारण हे चार टक्के सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. अध्यक्ष देशभरातल्या एकूण मतांवर निवडला जात नाही. राज्यागणिक मतांची बेरीज २७० व्हावी लागते, आणि खरी लढत पाच-सात राज्यांत होते. तिथे एकगठ्ठा मतांचं मोल काय, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला शिकवायला नको.

मिशिगन घ्या. २०१६ मध्ये ट्रम्प हे राज्य १०,७०४ मतांनी जिंकले. २०२० मध्ये बायडेन सुमारे १ लाख ५४ हजारांनी. डेट्रॉइटला लागून असलेल्या डिअरबॉर्नमध्ये अरबवंशीयांची मोठी वस्ती आहे. फोर्ड कंपनीचं मुख्यालयही तिथेच. गाझातलं युद्ध सुरू झाल्यावर तिथल्या अनेक घरांत मृत्यूच्या बातम्या थेट नात्यातून येत होत्या. जानेवारी २०२४ मध्ये बायडेन यांच्या प्रचारप्रमुख भेटायला आल्या तेव्हा महापौर अब्दुल्ला हम्मूद यांनी भेट नाकारली. प्रचारवाले नकोत, धोरण ठरवणारे पाठवा म्हणाले. फेब्रुवारीत व्हाइट हाउसचे अधिकारी गेलेही.

२७ फेब्रुवारीच्या पक्षांतर्गत मतदानात तिथल्या कार्यकर्त्यांनी ‘अनकमिटेड’, म्हणजे कुणालाच बांधील नाही, या रकान्यावर शिक्का मारायचं आवाहन केलं. आपल्या ‘नोटा’च्या जवळचा प्रकार, फक्त इथे त्यातून पक्षाच्या अधिवेशनाला प्रतिनिधीही जातात. २०१६ चा फरक डोळ्यांसमोर ठेवून आयोजकांनी १० हजारांचं लक्ष्य धरलं होतं. मतं पडली १ लाखाहून जास्त, सुमारे १३ टक्के.

मे महिन्यात बायडेन यांनी दक्षिण गाझातल्या राफा शहरावरच्या चढाईच्या चिंतेने इस्रायलला जाणारी एक खेप थांबवली: २,००० पौंडांचे १,८०० आणि ५०० पौंडांचे १,७०० बॉम्ब. दोन हजार पौंड म्हणजे नऊशे किलो. बाकीची शस्त्रं जात राहिली. आठवड्याभरात रिपब्लिकनांच्या प्रतिनिधिगृहाने ‘पाठवा’ म्हणणारं विधेयक २२४ विरुद्ध १८७ ने मंजूर केलं; ते पुढे सरकणार नव्हतं, पण मतदान नोंदवलं गेलं आणि जाहिरातींना मजकूर मिळाला. जुलैत ५०० पौंडांचे बॉम्ब सोडले गेले. डिअरबॉर्नला हे फारच थोडं वाटलं, इस्रायलच्या समर्थकांना फारच जास्त. अर्धवट पाऊल टाकून दोन्ही बाजूंचा रोष ओढवून घेण्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात ‘अनकमिटेड’ प्रतिनिधींनी एका पॅलेस्टिनी वंशाच्या वक्त्याला मंचावर बोलू द्या एवढीच मागणी केली. नाकारली गेली. ते सभागृहाबाहेर फरशीवर बसून राहिले. शस्त्रपुरवठा थांबवणं एक वेळ राहू द्या. पाच मिनिटांचं भाषण द्यायलाही डेमोक्रॅट कचरले.

म्हणजे डिअरबॉर्नने ट्रम्पना निवडून दिलं?

आकडे तसं सांगत नाहीत. ट्रम्प मिशिगन ८०,१०३ मतांनी जिंकले. ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना राज्यभर सुमारे ४५ हजार मतं. ती सगळी बायडेन यांच्या जागी डेमोक्रॅट उमेदवार झालेल्या कमला हॅरिस यांच्या पारड्यात टाकली तरी भागत नव्हतं. शिवाय हॅरिस सातही काठावरची राज्यं हरल्या.

पण डिअरबॉर्नमधली पडझड खरी आहे. २०२० मध्ये बायडेन यांना तिथे जवळपास ६९ टक्के मतं होती. २०२४ मध्ये ट्रम्प साधारण ४२, हॅरिस ३६, स्टाइन १८. मतदानाच्या चार दिवस आधी ट्रम्प स्वतः डिअरबॉर्नच्या एका हॉटेलात जाऊन शांतता आणण्याची भाषा बोलून आले होते. हॅरिस तिथे फिरकल्या नाहीत. बॉम्बची जी खेप बायडेन यांनी अडवली होती, ती ट्रम्प यांनी २५ जानेवारी २०२५ ला, शपथ घेतल्यावर पाच दिवसांत सोडली.

याच प्रचारात ‘फ्यूचर कोअलिशन’ नावाच्या एका गटाने दोन तऱ्हेच्या जाहिराती चालवल्या. मिशिगनच्या मुस्लिम वस्त्यांत: हॅरिस इस्रायलच्या पक्क्या पाठीराख्या आहेत. पेनसिल्व्हेनियाच्या ज्यू वस्त्यांत: हॅरिस पॅलेस्टाइनकडे झुकल्या आहेत. एकाच उमेदवाराबद्दल, एकाच वेळी, एकाच खिशातून. मोबाइलवर कुणाला काय दिसतंय हे शेजाऱ्याला कळत नाही, त्यामुळे असं करणं सोपं झालंय.

युक्रेनच्या बाजूचीही अशी मतपेढी आहे का?

आहे, पण ती तशी चालली नाही. १० सप्टेंबर २०२४ च्या फिलाडेल्फियातल्या वादसभेत हॅरिस यांनी पेनसिल्व्हेनियातल्या ८ लाख पोलिशवंशीयांचा मुद्दाम उल्लेख केला. राज्य ट्रम्पनाच गेलं. तीन-चार पिढ्यांपूर्वी आलेल्या घराण्याचं आडनाव पोलिश राहतं. मत मात्र पेट्रोलच्या दरावर पडतं.

‘लॉबी’चा पैसा नेमका कसा काम करतो?

आपल्याकडे तिकीट दिल्लीत किंवा मुंबईत वाटलं जातं. अमेरिकेत उमेदवारी मतदार ठरवतात, पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत. तिथे मतदान कमी होतं, उमेदवार अनोळखी असतात आणि थोडा पैसाही लांब जातो. लॉबी तिथेच घाव घालते. ‘एआयपॅक’ या इस्रायल-समर्थक संघटनेशी जोडलेल्या ‘युनायटेड डेमॉक्रसी प्रोजेक्ट’ने जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कचे खासदार जमाल बोमन यांच्याविरुद्ध सुमारे साडेचौदा दशलक्ष डॉलर ओतले. ऑगस्टमध्ये मिसुरीच्या कोरी बुश यांच्याविरुद्ध सुमारे साडेआठ दशलक्ष. दोघेही पडले. जाहिरातींत इस्रायलचं नाव क्वचित. बोमन यांनी बायडेन यांच्या पायाभूत सुविधांच्या विधेयकाला विरोध केला, असा प्रचार होता.

पाडलेल्या दोन जागांपेक्षा उरलेल्या खासदारांनी त्यातून काय वाचलं, हे मोठं. ज्याला पाडायला कुणी आलेलं नाही, तोही मत देताना बोमन यांची आठवण ठेवतो.

मिशिगनमध्ये एक मराठी खासदार आहेत ना? त्यांचं काय?

श्री ठाणेदार. जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात, मुंबई विद्यापीठात शिकले, मग अमेरिकेत जाऊन उद्योजक झाले. २०२२ मध्ये निवडून आल्यावर जानेवारी २०२३ पासून ते डेट्रॉइट आणि आसपासचा १३ वा मतदारसंघ प्रतिनिधिगृहात सांभाळतात. डिअरबॉर्न त्यांच्याकडे नाही. ते शेजारच्या रशिदा तलैब यांच्या मतदारसंघात येतं.

त्यांचा प्रवास या विषयाचा नमुनाच आहे. २०२१ मध्ये राज्याच्या विधानसभेत असताना, इस्रायलची मदत थांबवा असं काँग्रेसला सांगणाऱ्या ठरावावर त्यांचं नाव होतं. २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत वर सांगितलेल्या त्याच ‘युनायटेड डेमॉक्रसी प्रोजेक्ट’ने त्यांचे प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियर यांच्यामागे ४ दशलक्ष डॉलरहून जास्त खर्च केले. तरी ठाणेदार निवडून आले, बराचसा स्वतःचा पैसा घालून. पुढे त्यांची भूमिका पार बदलली. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासच्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमधल्या एका सभेचा निषेध करून त्यांनी डाव्या विचारांची डेमॉक्रॅटिक सोशलिस्ट संघटना सोडली, आणि एप्रिल २०२४ मध्ये इस्रायल आणि युक्रेन दोन्हींच्या मदतीला होकार दिला. शेजारच्या तलैब यांनी इस्रायलच्या विधेयकाविरुद्ध मत दिलं. मतदारसंघ एकमेकांना चिकटून, मतं दोन टोकांची.

भूमिका मनापासून बदलली की हिशेबाने, हे बाहेरून सांगता येत नाही. मराठी मंडळींनी कौतुक करताना नुसतं आडनाव न बघता मतदानाचा तक्ताही बघावा, एवढंच.

इस्रायल आणि इजिप्तचा नेहमीचा हप्ता दरवर्षी अडकत का नाही?

कारण तो आधीच बांधून ठेवलेला आहे. ओबामांच्या काळात १४ सप्टेंबर २०१६ रोजी झालेल्या करारात इस्रायलला २०१९ ते २०२८ अशा दहा वर्षांसाठी ३८ अब्ज डॉलर ठरले, वर्षाला ३.८. इजिप्तला १९७९ च्या शांतता करारापासून मदत सुरू आहे आणि लष्करी हप्ता कित्येक वर्षं १.३ अब्जावर स्थिर आहे. हे आकडे वार्षिक अर्थसंकल्पात रुळलेले. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने जवळपास सगळी परदेशी मदत गोठवली तेव्हाही या दोन देशांची लष्करी मदत वगळली होती. युक्रेनचा पैसा दर वेळी स्वतंत्र पुरवणीतून यायचा. दर पुरवणीला मतदान, आणि दर मतदानाला नवी अट.

अध्यक्ष मंजूर झालेली मदत एकट्याच्या मर्जीने रोखू शकतो का?

कायद्याने मनमानी करता येत नाही. प्रत्यक्षात बरंच करता येतं. २०१९ मध्ये ट्रम्प यांनी युक्रेनसाठी मंजूर झालेले सुमारे ३९ कोटी डॉलर अडवून धरले आणि २५ जुलैच्या फोनवर झेलेन्स्कींकडे बायडेन पितापुत्रांच्या चौकशीचा विषय काढला. बायडेन पुढच्या निवडणुकीतले संभाव्य प्रतिस्पर्धी होते. पैसे ११ सप्टेंबरला सुटले. डिसेंबरमध्ये महाभियोग झाला, फेब्रुवारी २०२० मध्ये सिनेटने निर्दोष सोडलं. सरकारी हिशेब तपासनीसांनी जानेवारीत म्हटलं होतं की अशी अडवणूक १९७४ च्या कायद्याचा भंग आहे. त्या निष्कर्षाने कुणाचंही मत फिरलं नाही.

मार्च २०२५ मध्ये, झेलेन्स्कींशी कॅमेऱ्यासमोर खडाजंगी झाल्यावर, लष्करी मदत सुमारे आठवडाभर थांबवली गेली. जेद्दाच्या बैठकीत युक्रेनने तीस दिवसांच्या युद्धविरामाला होकार दिल्यावर ११ मार्चला ती पुन्हा सुरू झाली.

निकाल लागल्यापासून नवा अध्यक्ष येईपर्यंत काय होतं?

घाई. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले आणि वर्षभर जे जमत नव्हतं ते बायडेन यांना अचानक जमू लागलं: रशियाच्या भूमीवर लांब पल्ल्याच्या ‘ॲटॅकम्स’ क्षेपणास्त्रांचा वापर, माणसांविरुद्धचे भूसुरुंग, ३० डिसेंबरला एका दिवसात अडीच अब्जांची घोषणा. पुन्हा मतं मागायची नसली की हात मोकळा होतो.

हे फक्त अमेरिकेतच चालतं का?

छे. स्लोव्हाकियात रॉबर्ट फित्सो यांनी युक्रेनला एक गोळीही देणार नाही या घोषणेवर सप्टेंबर २०२३ ची निवडणूक जिंकली आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे ४ कोटी युरोंची खेप नाकारली. पण त्यांनी थांबवला तो सरकारी कोठारातला माल. खासगी कारखान्यांची विक्री चालू राहिली. सभेत शांतता, कारखान्यात रात्रपाळी.

पोलंडची गोष्ट शेतकऱ्याला कळेल अशी. युक्रेनचं स्वस्त धान्य येऊन भाव पडले, १५ ऑक्टोबर २०२३ ची निवडणूक तोंडावर आली आणि जो देश युक्रेनचा सर्वांत मोठा पाठीराखा म्हणवत होता, त्याचे पंतप्रधान मोराविएत्स्की २० सप्टेंबरला म्हणाले की आता आम्ही शस्त्रं देत नाही. अध्यक्षांना सारवासारव करावी लागली. पंतप्रधानांच्या पक्षाचं बहुमत तरीही गेलं. जर्मनीत ३ अब्ज युरोंची मदत फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीआधी रखडली आणि निवडणूक झाल्यावर मार्चमध्ये मोकळी झाली.

मदत घेणाऱ्या देशातल्या निवडणुकीवर परिणाम होतो का?

होतो, आणि याचा अनुभव भारताने घेतलाय. भारताने मालदीवला दोन ध्रुव हेलिकॉप्टर आणि एक डॉर्नियर विमान दिलं होतं. बेटांवरच्या रुग्णांना माले शहरात आणायला ती उपयोगी पडत. ती चालवायला आणि सांभाळायला पाऊणशे-ऐंशी भारतीय लष्करी कर्मचारी तिथे होते. एवढ्या लोकांवर ‘इंडिया आउट’ची मोहीम उभी राहिली, आणि ३० सप्टेंबर २०२३ च्या फेरीत मोहम्मद मुइझ्झू ५४ टक्के मतांनी अध्यक्ष झाले. परतीचं वेळापत्रक कसं आखलं पाहा: पहिली तुकडी १० मार्च २०२४ च्या सुमारास, शेवटची १० मेपर्यंत, आणि मध्ये २१ एप्रिलला संसदेची निवडणूक, जी मुइझ्झूंच्या पक्षाने मोठ्या फरकाने जिंकली.

हेलिकॉप्टर मात्र गेली नाहीत. गणवेशातल्या माणसांच्या जागी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे नागरी तंत्रज्ञ आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुइझ्झू दिल्लीत येऊन ४० कोटी डॉलर आणि ३ हजार कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीचा करार करून गेले. दिल्लीने सगळा प्रकार डोकं शांत ठेवून हाताळला, याचं श्रेय द्यायला हवं.

आता पुढे कशावर लक्ष ठेवायचं?

युक्रेनच्या बाबतीत वॉशिंग्टनइतकंच युरोपच्या राजधान्यांवर. जुलै २०२५ पासून नाटोमार्फत युरोपीय देश पैसे भरून अमेरिकी शस्त्रं युक्रेनला देतात; त्यामुळे बर्लिन, प्राग, वॉर्साच्या निवडणुका आता थेट या हिशेबात आल्या. बातमी वाचताना घोषणा, मंजुरी आणि प्रत्यक्ष पोहोच या तीन गोष्टी वेगळ्या काढाव्यात. मथळ्यात बहुधा पहिलीच असते.

अमेरिकेत ३ नोव्हेंबर २०२६ ला प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागांची निवडणूक आहे. त्याहून मोठा पेच त्यानंतरचा. इस्रायलचा दहा वर्षांचा करार ज्या आर्थिक वर्षाबरोबर संपतो, ते वर्ष ३० सप्टेंबर २०२८ ला संपतं आणि अध्यक्षीय मतदान ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे. गेल्या खेपेची सहीदेखील मतदानाच्या आठ आठवडे आधी झाली होती, पण तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षात या विषयावर आजच्याइतकी फूट नव्हती. नवा करार कुणी, किती वर्षांचा आणि कोणत्या अटींवर करायचा, हा प्रश्न दोन्ही पक्षांच्या इच्छुकांना त्याआधीच्या प्राथमिक निवडणुकांत विचारला जाईल. मिशिगनमध्ये तर पहिल्याच सभेत.